कोणासाठी बघताय

"तिका आताच कशाक? लग्नात घालूया." आई हे म्हणाली तेव्हा लहानगी देवकी पार्से गावच्या घरासमोरच्या खळ्यात पाटावर बसून रडत होती आणि पेडण्याहून आलेला सोनार बाबाजी शेट तिचा नुकताच टोचलेला उजवा कान दोन बोटांत धरून तांब्याची तार वळवत होता. कान असा तापला होता की त्यावर भाकरी फुगली असती. तार वळवून झाल्यावर शेटाने मान तिरकी केली, जरा मागे सरकून कानाकडे पाहिलं, आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "वयनी, चेडवाचे कान बघ गो. हेंका हिरो शोभतलो." त्यावर आई हसली आणि ते वाक्य बोलली. देवकी रडता रडता थांबली. तिला एवढंच समजलं, की आपला म्हणून एक हिरा आहे. तो आत्ता इथे नाही, लग्न नावाच्या ठिकाणी ठेवलेला आहे, आणि कधीतरी नवा फ्रॉक घालून तो आणायला जायचं आहे. लग्न हे गाव म्हापशाच्या पलीकडे असणार, असं तिने पुढची बरीच वर्षं धरून ठेवलं होतं, कारण आई नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसार माळून लग्नाला जायची ती म्हापशाच्याच बसने. पुढे म्हापसा पाहून झाला, पणजी पाहून झाली. बसच्या पाट्या मराठीतून इंग्रजीत गेल्या, मोपाला विमानं उतरायला लागली. ते एक गाव मात्र कुठल्याच पाटीवर आलं नाही. लग्न ठरलं नाही, ठरून मोडलंही नाही. ते नुसतं काजूच्या चांगल्या पिकासारखं पुढच्या वर्षावर जात राहिलं. मग वडील गेले, भाऊ नारायण आणि ती मिळून काजूची शेड चालवायला लागली, आणि कुणी विचारायचंही थांबलं.

आणि आज, साखळीच्या बाजारातल्या दागिन्यांच्या दुकानात, काचेच्या दारामागे, मानेवर एसीचा गार झोत घेत देवकी बसलेली असताना समोरच्या मुलीने, तिच्या छातीवर 'संजना' अशी पट्टी होती, हात जोडून गोड आवाजात विचारलं, "कोणासाठी बघताय, मॅडम?"

देवकी सगळी तयारी करून आली होती. दुपारी शेडवर बायका जेवायला बसल्या की पोत्यांच्या आडोशाला मोबाईलवर हिऱ्यांचे व्हिडिओ बघून तिने कॅरट, कट, सर्टिफिकेट असे सगळे शब्द पाठ केले होते. पेडण्यात नको, म्हापशात नको, ओळखीचं कुणी भेटेल, म्हणून दोन बसा बदलून ती डिचोली ओलांडून साखळीपर्यंत आली होती. घरी वहिनीला, मनीषाला, सांगितलं होतं की काजू फोडायच्या मशीनचं पातं बदलायचं आहे, ते साखळीतच मिळतं. मनीषा म्हणाली, "पात्याक साडी कित्याक नेसतंस गो?" त्याचंही उत्तर देवकीकडे तयार होतं, वाटेत दत्ताच्या देवळात जायचं होतं ना. एवढं सगळं बांधून आणलेलं, आणि पहिल्याच प्रश्नाला गाठ सुटली. कोणासाठी? शेडवरच्या बायका काजू निवडताना गातात,

काजीच्या बोंडाची गो, बी लोंबता भायर,
मनातला बोलूक माका, गावना म्हायार.

सासुरवाशिणींचं ते दुःख ऐकताना देवकीला नेहमी थोडं हसू यायचं, कारण ती माहेरातून कधी हललीच नव्हती. माहेर हाताशी होतं, तरी बोलायला जागा सापडायची नाही.

"पुतणीसाठी," तिची जीभ म्हणाली. "तिचं लग्न ठरलंय."

"अय्या! अभिनंदन!" संजना म्हणाली आणि आतून कुणीतरी लगेच पेढा आणून ठेवला. पुतणी, म्हणजे नारायणची तनया, बेंगळुरूला नोकरी करत होती आणि मागच्याच रविवारी फोनवर म्हणाली होती, "आत्ये, परत लग्नाचं नाव काढलंस तर फोन ठेवीन हां." देवकीने पेढा तोंडात टाकला. आता तो गिळल्याशिवाय खरं बोलता येणार नव्हतं, आणि गिळून होईपर्यंत उशीर झाला होता.

संजना मूळची बांद्याची. पण हिऱ्यांबद्दल बोलताना तिचा आवाज शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालनासारखा व्हायचा. काळ्या मखमलीचा ट्रे पुढे सरकवून तिने सांगितलं की हिरा चार गोष्टींवर ठरतो. वजन, रंग, स्वच्छपणा आणि कट. "साधारण तीस सेंटचे बघूया का एकेका कानाला?" देवकीच्या डोक्यात काजू जागा झाला. शेडवर तीनशे वीस म्हणजे बारीक बी आणि एकशे ऐंशी म्हणजे टपोरी. जितका आकडा लहान तितका काजू मोठा, कारण एका वजनात तो कमी बसतो. हे ती झोपेतही विसरली नसती. तीस? पहिल्यांदाच आपण एवढं हलकं का घ्यावं? "तीस नको," ती ऐटीत म्हणाली. "दहा दाखव."

संजनाने दुसरी डबी उघडली. त्यात तिळापेक्षा जरा बरे असे दोन खडे होते. देवकीला वाटलं, मुलीला समजलं नाही. किंवा समजलं, पण कॉटनची साडी बघून तिने मुद्दामच असं केलं. "अगो, मोठो दाखव," ती म्हणाली. "पाच आसा?" संजनाने चिमटा उचलला, जरा घुटमळली, आणि म्हणाली, "मॅडम, पाच तुम्हाला चष्म्याशिवाय दिसणार नाही." मग तिने समजावलं. शंभर सेंटचा एक कॅरट होतो, इथे आकडा वाढला की खडा वाढतो. देवकी ओशाळली आणि काजूचा हिशोब सांगून बसली. दोघी हसल्या, आणि त्या हसण्यात संजनाचं सूत्रसंचालन कुठल्या कुठे पळालं. "माझी आवस पण काजी फोडूक जायची," ती हळूच म्हणाली, आणि परत मराठीत येऊन तीसचा जोड पुढे ठेवला.

रंगाचं गणितही उलटंच निघालं. सगळ्यात पांढऱ्याला डी म्हणतात, मग ई, एफ असं करत खाली पिवळसरपणाकडे जायचं. "आणि ए, बी, सी?" देवकीने विचारलं. "ते नसतात." "नसतात म्हणजे? कुणाक दिले?" संजनालाही ते कुणी सांगितलं नव्हतं. देवकीला उगाच त्या नसलेल्या तीन अक्षरांची माया वाटली. पंगतीत पान मांडून ठेवायचं आणि कुणी यायचंच नाही, तसं काहीतरी. मग तिने सवयीने खडे पांढऱ्या कागदावर पालथे घातले, तर संजना म्हणाली, "हां, असंच बघतात." मग भिंग डोळ्याला लावलं. आधी स्वतःची पापणीच दिसली, केरसुणीएवढी. नंतर एकदम एक उजेडाची खोली उघडली. छत नाही, जमीन नाही, नुसत्या भिंतीच भिंती, आणि एका भिंतीच्या मागे, कोपऱ्यात, कोंबडीच्या पिसासारखं बारीक पांढरं काहीतरी अडकलेलं. "डाग!" म्हणत तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने तो खडा ट्रेच्या डाव्या बाजूला लोटला. शेडवर डावीकडे डागी माल जातो.

"तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, मॅडम. जमिनीच्या पोटातून आलाय. येताना काहीतरी घेऊनच येणार ना," संजना म्हणाली. लोटलेला खडा डावीकडे एकटा पडला होता आणि तिथूनही तो चमकतच होता. देवकीला वाटलं, आपण इतकी वर्षं काय काय डावीकडे लोटत आलो. अख्खा काजू विकायचा, डागी आणि तुटका घरात खायचा, हा शेडचा कायदा. देवाच्या प्रसादाला आणि पाव्हण्यांच्या बशीत अख्खे. घरच्यांनी तुकडे चघळायचे आणि चव तीच आहे असं एकमेकांना सांगायचं. चव तीच असते हे खरं होतं. पण अख्खा काजू दातांखाली मधोमध उभा दुभंगतो तेव्हा जो आवाज येतो, तो तुकड्यांना येत नाही. तो आवाज तिने पोरवयात एकदा पोत्यामागे लपून ऐकला होता आणि भीतीने तो काजू नीट चावलाही नव्हता.

"सगळ्यात महत्त्वाचा कट," संजना सांगत होती. वजन, रंग, डाग हे हिऱ्याच्या जन्माचं, त्याला इलाज नाही. कट मात्र माणसाच्या हातचा. खडा मोठा असला आणि पैलू चुकीचे पडले, तर वरून शिरलेला उजेड खालून गळून जातो. नीट पडले तर आत शिरलेला उजेड फिरून फिरून वरच येतो. देवकीने मान डोलावली. असा गळून गेलेला उजेड तिला समजत होता. मग लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यांचं निघालं. "खोटे?" "नाही हो, खरेच. फक्त जमिनीतले नाहीत." म्हणजे कलमी, देवकीने मनात नोंद केली. मानकुरादाचं कलम परसात लावलं म्हणून आंबा काही खोटा होत नाही. "तरुण मुलींना तेच आवडतात," संजना म्हणाली. "तुमच्या पुतणीला काय आवडेल?"

इथे देवकीची खरी पंचाईत झाली. जे जे तिला आवडत होतं ते ते तिला तनयाच्या तोंडून आवडवून घ्यावं लागत होतं. तनयाला जमिनीतलाच हवा, ती जरा जुन्या वळणाची आहे, असं तिने सांगितलं. खरी तनया कानात प्लास्टिकचे अननस घालून हिंडत होती. तनयाला फार मोठं नको, पण दिसायला हवं. तनयाला तो पिसाचा डाग असलेलाच आवडेल. का? तसाच स्वभाव आहे तिचा. "चेहरा कसा आहे त्यांचा? गोल की लांबट? रंग?" देवकी सांगत गेली. लांबट चेहरा, सावळा रंग, कानाची पाळी जरा मोठी. संजनाने तिच्याकडे पाहिलं. "तुमच्यासारख्याच की अगदी! मग तुम्हीच घालून दाखवा, म्हणजे अंदाज येईल."

खोटं बोलण्याचा एवढा गोड उपयोग असतो हे देवकीला माहीत नव्हतं. तिने आपल्या सोन्याच्या बारीक बाळ्या काढून ठेवल्या. संजनाच्या गार बोटांनी कानामागे फिरकी बसवली. समोर आरसा आला. आरशात एक बाई होती. केसांत करडी रेघ, मानेवर काजूच्या चिकाचा जुना काळा डाग, ओठाच्या कोपऱ्यात पेढा. आणि दोन्ही बाजूंना दोन ठिणग्या. त्यांना या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने मान उजवीकडे केली, डावी ठिणगी निळी झाली. डावीकडे केली, उजवी केशरी झाली. वाळवंटी नदीच्या पाण्यावर संध्याकाळचं ऊन असं तुकड्यातुकड्यांनी पेटतं. ते रोजचं असतं, कुणाच्या लग्नाचं नसतं, आणि नदी कुणाला विचारतही नाही. देवकीला एकदम आनंदाची भीती वाटली. आता जोड घ्यावा, पिशवीत घालावा, घरी जावं, आणि कपाटात तनयासाठी म्हणून ठेवून द्यावा, असं मनाने ठरवूनही टाकलं. आणि ठरवता ठरवताच तिला दिसलं, की असं केलं तर हे हिरे परत त्या कधीच न आलेल्या गावाला जाऊन बसतील. या वेळी त्यांना तिथे नेऊन ठेवणारी आपणच असू.

"बरें दिसता," बाजूच्या कोचावरून आवाज आला. "पूण चेडू खंय दिलां?"

कोचावर एक जाडजूड, घामेजलेली, प्रसन्न बाई बसली होती. ती आपलं मंगळसूत्र परत गाठवून घ्यायला आली होती. गळा तेवढ्यापुरता रिकामा असल्यामुळे तिने पदर मानेभोवती गुंडाळून घेतला होता. नाव सुलोचना, माहेर डिचोलीचं, सासर साखळीचं. हे तिने न विचारताच सांगितलं, म्हणजे आता विचारायचा हक्क तिचा झाला. "तुमी खंयचीं? पार्सें? पार्सेंत कोणाची? आनी चेडवाचो नवरो? नांव तरी सांगा."

देवकीची नजर मदतीसाठी काचेबाहेर धावली. रस्त्यात एक बस खोळंबून उभी होती. तिच्या कपाळावर लाल अक्षरांत लिहिलं होतं 'सर्वेश', खाली पाटी 'डिचोली'.

"सर्वेश," देवकी म्हणाली. "डिचोलीचा."

"डिचोलेचो सर्वेश?" सुलोचना पुढे सरकली. "उंच? चष्मो घालता?" मान हलवणं बोलण्यापेक्षा सोपं होतं. देवकीने हलवली. "बोटीर कामाक आसा?" देवकीने परत हलवली. मान हलली की हिरे चमकायचे, आणि चमकले की खोट्याला आणखी जोर चढायचा. सुलोचना उभी राहिली. "म्हज्या सख्ख्या भयणीचो पूत तो! शांताचो! आनी म्हाका पत्तो ना?" पुढच्या क्षणी देवकी एका मऊ, अबोलीचा वास असलेल्या मिठीत होती. "विहीणबाय! आनी आमच्या सुनेक इतलोसोच हिरो?" ती संजनाकडे वळली. "गो चली, व्हडलो काड! आनी सर्टिफिकेट दी. आमच्यांत तसलें चलना."

गोव्यात बोट कुठेही दाखवा, तिथे कुणाची तरी मावशी उभी असते, हे देवकीला जन्मापासून माहीत होतं. तरी ती फसली. "तो सर्वेश दुसरो आसतलो," तिने क्षीण आवाजात म्हटलं. "बोटीवयलो, चष्म्याचो, डिचोलेचो दुसरो सर्वेश खंयसून हाडटलीं?" सुलोचनाने तिचा दंड थोपटला आणि फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, कारण हा राग एकट्याने खाण्यासारखा नव्हता. "गो शांते! पुताचें लग्न थारायलें, पार्सेंच्या चेडवाची आत्ये हांगा हिरे घेता, आनी सख्ख्या भयणीक सांगूंक तुजी जीब झडली?"

पलीकडे कुकरची एक शिट्टी. मग शांताचा आवाज, पातळ, घाबरलेला. "कसलें चेडू? कसली आत्ये? आमी येता त्या आयताराक केरीच्या चेडवाक साखरपुडो करतांव. ती गजाल तुका सांगपाक हांव फाल्यांच सकाळीं येतालीं. हें पार्सेंचें खंयचें काडलां त्याणें?" आणि ती रडायला लागली. त्या रडण्यात सगळं होतं. बोटीवर गेलेला मुलगा, कुणास ठाऊक कुठे कुठे गुंतलेला. केरीची ती गरीब पोर. आता तिच्या बापाला काय तोंड दाखवायचं. नवऱ्याला आत्ताच सांगते, साखरपुडा थांबवा म्हणून. सुलोचनाही रडू लागली, आता बहिणीच्या बाजूने. "पार्सेंकार बाये, तुमच्या चेडवान आमच्या पुताक फशी घातलो!" संजना मखमलीचा ट्रे छातीशी धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतही पाणी होतं. कोणाच्या बाजूने, हे तिलाच ठाऊक नसावं.

देवकीला वाटलं, उठून जावं. दार काचेचं आहे, बस अजून उभी आहे. सर्वेशच्या बसमधून पळून जावं. पण कानात दुकानाचे हिरे होते, आणि केरीला कुठल्यातरी अंगणात एक मुलगी आत्ता साडीला फॉल लावत असेल, तिला यातलं काहीही माहीत नसेल. तिचं लग्न देवकीच्या एका मानेच्या हलण्यावर लोंबकळत होतं. आयुष्यभर देवकीने जपून जपून कुणाच्या वाटेत पाय घातला नव्हता. आणि आज, एक गोष्ट लपवायची म्हणून, ती एका परक्या पोरीचा मांडव मोडायला निघाली होती. तिला हसू आलं. ते हसू रडण्याच्या इतकं जवळचं होतं की कुणाला ओळखता आलं नसतं. तिने हात पुढे केला आणि सुलोचनाच्या मुठीतला फोन, मुठीसकट, आपल्या तोंडाजवळ ओढला.

"बाय, रडू नका," ती म्हणाली. "तुमच्या झिलाक मी वळखना. त्याचा नाव मी बसीर वाचला. माझी पुतणी बेंगळुराक आसा, तिका लग्नच नाका. साखरपुडो करा तुमी, बिनघोर करा. मी फट मारली, खोटा बोललंय."

पलीकडे शांताने नाक ओढलं, आणि मग रडून मोकळ्या झालेल्या, आता केवळ उत्सुक आवाजात तिने विचारलं, "मागीर हिरे कोणाक घेतां गो बाये?"

संजनाने ट्रे खाली ठेवला.

"माका," देवकी म्हणाली. मग तिने परत म्हटलं, बाहेरच्या बसमध्येही ऐकू जाईल एवढ्याने. "माका! माझ्या कानांक. कोणाचा लग्न ना, बारसा ना, वाढदिस ना. कायच ना. माका होये, म्हणून घेतंय."